पावती

मी काउंटर नंबर चारवर होते.
एवढं वाक्य तोंडातून निघायला
सहा वर्षं गेली.

लिस्बनच्या बाहेर, चढाच्या पायथ्याशी आमचं दुकान.
वर केप व्हर्डेच्या बेटांवरून आलेल्यांची वस्ती,
गिलावा न केलेल्या विटा.
खाली आम्ही, गिलावा केलेले.
मध्ये एक बसथांबा.

वाल्दिरने तीस अंडी घेतली, एक लिंबू.
बहिणीचं लग्न, म्हणाला, केक आईच करणारे.
पिशवी नको. ट्रे दोन्ही हातांवर,
लिंबू वर, मधोमध.
पावती कुठे घेणार? त्याने तोंड पुढे केलं,
मी हसत ती त्याच्या दातांत दिली.
आठ वाजून बावन्न मिनिटं.

सरकतं दार उघडंच राहिलं, ते नेहमी अडकतं.
थांब्यावर तिघे होते.
जा आपल्या देशात, म्हणाले,
आणि आणखी जे म्हणाले ते मी इथे लिहीत नाही.
तो जन्मला ते इस्पितळ
त्या थांब्यावरून दिसतं.

अहवालात शब्द आला: झटापट.
रंगाचा उल्लेख कुठेच नाही.
फौजदार त्याच्या आईला म्हणाला,
एका हाताने टाळी वाजत नाही, बाई.
ती म्हणाली, साहेब,
माझ्या मुलाचा एकही हात रिकामा नव्हता.

मला विचारलं तेव्हा मी म्हणाले,
गर्दी होती, आठवत नाही.
दुकानात त्या वेळी दोन गिऱ्हाइकं होती.
तिघांतल्या एकाची आई दर शनिवारी माझ्या रांगेत असते.
माझ्या लेकीला तिने विणायला शिकवलं.
हे कारण नाही. पण हे होतं.

अर्लिंदा पहाटे चारला बँकेच्या फरशा पुसायची,
नऊला कोर्टाच्या पायरीवर.
तीन वकील झाले. एक वारला, एकाने फाइल हरवली,
तिसरी पोरगेलीशी, फुकट लढणारी,
बोलताना तिचाच आवाज कापायचा.
तारखांवर तारखा.
आणि दर गुरुवारी अर्लिंदा काउंटर चारवर, सहा अंडी.
डबा उघडून एकेक अंडं बोटाने हलवून बघायची,
पावती घ्यायची, घडी करायची.
कधी काही विचारलं नाही.
पाचवर कोणी नसलं तरी
माझ्याच रांगेत थांबायची.

पाचव्या वर्षी तिने पट्ट्यावर
प्लास्टिकमधला एक कागद ठेवला. कोरा.
इस्पितळाने कपड्यांसोबत दिला होता, म्हणाली.
पुसला गेला. सगळ्यांचा असाच होतो का?
हो, मी म्हणाले. उजेडाने. हाताच्या उबेने.
तिने मान हलवली.
दाखवून दाखवून, म्हणाली.

पट्टा सरकला, कागद माझ्यापर्यंत आला.
एका काठाला दातांच्या खुणा,
वर चार, खाली तीन.
त्या पुसल्या नव्हत्या.

न्यायाधीशबाईंनी तो खिडकीकडे धरून पाहिला.
मी सांगितलं. ट्रे, लिंबू, दात,
आणि इथे जे लिहिलं नाही तेही,
शब्दाला शब्द.
समोरचा वकील उठला:
सहा वर्षं कुठे होतात तुम्ही?
काउंटर नंबर चारवर, मी म्हणाले.
कोणी हसलं नाही.

निकाल राखून ठेवलाय.

काल गुरुवार होता. अर्लिंदा आली. सहा अंडी.
पाचवरची रांग पार दारापर्यंत,
माझ्याकडे कोणी नव्हतं.
ती पाचवर उभी राहिली.